जाळीतला बॉल कोण आणणार

प्रिय मित्रा,

तुला फोनच करणार होतो, पण फोनवर मला हे नीट सांगता आलं नसतं आणि तू मधेच "जाऊ दे रे, एक मॅच गेली" म्हणाला असतास, म्हणून टाइप करत बसलोय. लांबणार आहे, निवांत वाच.

सेमीफायनल हरलो हे तुला कळलंच असेल, स्कोअरही कळला असेल, 1-4. सगळे म्हणतायत डिफेन्स कोसळला, पोरं घाबरली, फिटनेस कमी पडला. मी मैदानात होतो आणि मला ठामपणे वाटतंय की ही मॅच पोरांनी घालवली नाही, आम्ही सिनिअर्सनी घालवली. आमच्या पायांना फारसा दोष नाही, पाय जेवढे चालतात तेवढे चालले.

साठाव्या मिनिटापर्यंत आपण 1-0 ने पुढे होतो, आणि चांगलं खेळत होतो रे, उगाच नाही म्हणत. मग आपला तो नवा स्टॉपर, म्हणजे डिफेन्समधला मधला माणूस, 19 वर्षांचा, तू त्याला एकदा प्रॅक्टिसला बघितलंयस, डावखुरा, उंच, तो मॅचभर मागून सतत बोलत होता. "दादा, मागे माणूस", "दादा, वेळ आहे, वळा". इतका स्वच्छ आवाज की मला मागे वळून बघावंच लागत नव्हतं. त्यानं गोलीला बॅकपास दिला आणि तो कमी पडला. त्यांचा स्ट्रायकर मधे घुसला, गोलीला चकवलं, बॉल आत. चूक त्याचीच, त्यात वाद नाही.

त्यानंतरचं अर्धं मिनिट मी रोज रात्री परत बघतोय. गोलीनं पोस्टला लाथ मारली आणि ओरडला, "अरे बघून दे ना!" राइट बॅक, आपल्यातला सगळ्यात जुना, त्यानं दोन्ही हात पसरले, बाहेर उभ्या असलेल्या सगळ्यांना दिसतील असे. कॅप्टन आणि अजून एक सिनिअर फाउल फाउल करत रेफरीकडे धावले, फाउल बिउल काही नव्हता आणि त्यांनाही ते माहीत होतं. आणि मी काय केलं तर पाठ फिरवली आणि मान खाली घालून सेंटरकडे चालायला लागलो. पोरगा पेनल्टी स्पॉटजवळ गुडघ्यांवर हात ठेवून उभा, एकटा. बॉल जाळीतच. शेवटी त्यांचाच स्ट्रायकर आत गेला, बॉल उचलला आणि धावत सेंटरला आणून ठेवला, कारण त्यांना घाई होती, त्यांना अजून एक हवा होता.

आमच्या जाळीतला बॉल त्यांच्या माणसानं आणला. हे मला तिथे मैदानात जाणवलंसुद्धा नाही, घरी आल्यावर आठवलं आणि मग झोप नाही.

अकरापैकी पाच जण तिशीच्या पुढचे होतो. पाच जणांची टीममधली वर्षं मिळून 54 भरतात, मी बसून मोजली. 54 वर्षांत एकालाही सुचलं नाही की त्या पोराकडे पंधरा पावलं चालत जावं.

त्यानंतर त्याचा आवाज बंद झाला. पहिल्यांदा मला कळलंच नाही काय बदललंय, नुसतं वाटलं की मागे काहीतरी रिकामं आहे. बॉल आला की तो डोळे झाकल्यासारखा पुढे उडवायचा. दुसरा गोल कॉर्नरवर खाल्ला, मार्किंग कुणाचं होतं यावर आमचं आजपर्यंत एकमत नाही. तिसरा आणि चौथा तर सांगण्यासारखे नाहीतच.

तुला 2014 च्या वर्ल्ड कपची सेमीफायनल, ब्राझील-जर्मनी, आठवते? 8 जुलै, बेलो होरिझोंते. आपण दोघं सुन्न होऊन बसलो होतो, पाचवा गोल झाल्यावर तू टीव्हीचा आवाज बंद केलास. मी ती परवा परत बघितली. 23 व्या मिनिटापासून 29 व्या मिनिटापर्यंत चार गोल. सगळे म्हणतात ब्राझीलकडे नेमार नव्हता, कॅप्टन थियागो सिल्वा सस्पेंड होता, आणि ते खरंच आहे. पण त्या सहा मिनिटांत ब्राझील दर वेळी लगेच किकऑफ घेतंय, लगेच! एका किकऑफनंतर क्षणात जर्मनीच्या क्रूसनं फर्नांडिन्योकडून बॉल काढून घेतला आणि अजून एक गोल. गोलमध्ये 34 वर्षांचा जुलिओ सीझर, राइट बॅकला 32 चा मायकॉन, पुढे फ्रेड. मोठ्या मॅच खेळलेली माणसं होती तिथे. पण बुटाची लेस बांधायच्या निमित्तानं कुणी बसलं नाही, बॉलवर पाय ठेवून "थांबा, एक मिनिट थांबा" म्हणणारा कुणी दिसला नाही.

थियागो सिल्वाबद्दल मला एक म्हणायचंय, कारण त्याच्यावर लोक फार तुटून पडले होते. त्याच वर्ल्ड कपमध्ये चिलीविरुद्ध पेनल्टी शूटआउटच्या वेळी तो बाजूला बॉलवर बसून रडत होता आणि आपलं नाव अगदी शेवटी ठेवा असं त्यानं सांगितलं होतं. रडण्याचं मला काही वाटत नाही, माणूस आहे, घरच्या वर्ल्ड कपचं ओझं आहे. पण टीम मधे उभी आणि कॅप्टन एकटा बाजूला, हे चित्र मला तेव्हाही खटकलं होतं. आणि आता माझी पाठ फिरवलेली आठवली की वाटतं मी कुठल्या तोंडानं बोलतोय.

बघ, फुटबॉलमध्ये गोल खाल्ला की किकऑफ आपलाच असतो. म्हणजे ते पाऊण मिनिट, बॉल जाळीतून निघून सेंटरला येईपर्यंतचं, बरंचसं आपल्या हातात असतं. समोरचे नाचत असतात, प्रेक्षक ओरडत असतात, आणि टीमला गोळा करायला तेवढा एकच वेळ मिळतो. तू मला 1958 च्या वर्ल्ड कप फायनलमधल्या ब्राझीलच्या दिदीचं सांगायचास ना, नेहमी, मला पाठ झालं होतं. स्वीडननं चौथ्याच मिनिटाला गोल मारला, आणि दिदी स्वतः मागे गेला, जाळीतून बॉल घेतला आणि काखेत धरून सावकाश, अगदी सावकाश चालत सेंटरला आला, वाटेत सगळ्यांशी बोलत. टीममध्ये 17 वर्षांचा पेले होता. ब्राझील 5-2 नं जिंकलं. मला तेव्हा ती गोष्ट फक्त गोष्ट म्हणून आवडायची. ते चालणं म्हणजेच काम होतं, हे मला हरल्यावर कळलं.

आणि 1950 च्या वर्ल्ड कपचा ओब्दुलिओ वारेला, उरुग्वेचा कॅप्टन. रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये दोन लाखांच्या आसपास लोक, ब्राझीलला नुसता ड्रॉ पुरेसा, आणि हाफटाइमनंतर लगेच ब्राझीलचा गोल. वारेलानं बॉल उचलला आणि ऑफसाइड ऑफसाइड म्हणत वाद घालत बसला. गोल रद्द होणार नाही हे त्याला कळत असणारच, पण तेवढ्यात स्टेडियमचा आवाज खाली आला आणि त्याच्या माणसांना श्वास मिळाला, आणि उरुग्वेनं 2-1 नं कप नेला. आता तू म्हणशील आमचा कॅप्टनही रेफरीकडेच गेला होता की. गेला होता. पण वारेला बॉल काखेत घेऊन गेला होता आणि टीमसाठी वेळ काढत होता. आमचे दोघं गेले ते आपल्यावर काही येऊ नये म्हणून गेले. लांबून दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून तर इतकी वर्षं आम्ही स्वतःला लीडर समजत आलो.

यावर मी खूप विचार केलाय, की असं का होतं. एक तर दम. पन्नास मिनिटांनंतर दम लागला की पहिलं काय जातं तर बोलणं, पाय नंतर जातात. तिशीनंतर हे दर मॅचला होतं आणि आम्ही त्याला शांतपणा म्हणतो, अनुभवी माणूस शांत असतो वगैरे. पण त्याहून मोठं कारण दुसरं आहे आणि ते लिहायला मला जड जातंय. आम्हाला आपापली जागा जायची भीती आहे. वीस वर्षांची पोरं बेंचवर बसलीत, धावतात, उड्या मारतात, आणि प्रत्येक गोलनंतर मनात पहिला विचार येतो की हा माझ्या नावावर तर नाही ना. हात पसरणं, ओरडणं, लाथ मारणं, सगळं त्यातूनच येतं. चूक पोराची होती म्हटल्यावर, खोटं कशाला बोलू, मला क्षणभर हायसं वाटलं होतं. क्षणभरच, पण वाटलं.

फ्रान्सचं 2010 च्या वर्ल्ड कपचं आठव, साउथ आफ्रिकेत. त्यांच्या स्ट्रायकरला, अनेल्काला, घरी पाठवलं म्हणून नाइस्नाला, त्यांच्या मुक्कामाच्या गावी, सगळी टीम प्रॅक्टिस सोडून बसमध्ये जाऊन बसली. कॅप्टन एव्ह्रा फिटनेस कोचशी भांडला आणि प्लेअर्सचं पत्र शेवटी कोच डोमेनेकनं वाचून दाखवलं. 1998 चा वर्ल्ड कप जिंकलेला हेन्री त्या टीममध्ये होता. तीन मॅचमध्ये एक पॉइंट. आत काय काय शिजलं होतं ते त्यांनाच माहीत, कोचचं वागणंही बरोबर नसेल, पण त्या बसमधून खाली उतरून "चला, आधी प्रॅक्टिस करू" म्हणायला एकही मोठा माणूस पुढे आला नाही. आमची ड्रेसिंग रूम मला त्या बससारखी वाटली.

ती सांगतो. कोच आत आला, म्हणाला, सिनिअर्सपैकी कुणाला काही बोलायचंय का. कुणी नाही. एकजण घोट्याची टेप काढतोय, एकजण मोबाइलमध्ये, कॅप्टन पाणी पितोय, संपलेल्या बाटलीतून. मी बुटाची गाठ सोडवत होतो, ओली होऊन बसली होती, सुटत नव्हती. आणि कोपऱ्यातून तो पोरगा म्हणाला, "सॉरी दादा. सगळ्यांना सॉरी." आम्ही पाच जण तिथे असताना पहिला तोच बोलला. मी गाठीवरून नजर न काढता "असू दे" म्हणालो. त्याच्याकडे बघितलंही नाही रे. त्या गाठीचा मला अजून राग येतोय.

वयाचा याच्याशी तसा संबंध नाहीये. 2005 ला इस्तंबूलमध्ये चॅम्पियन्स लीगच्या फायनलला लिव्हरपूलची टीम 0-3 वरून ओढून काढली तेव्हा त्यांचा कॅप्टन जेरार्ड 24 चा होता आणि समोर मिलानचा कॅप्टन 36 चा माल्दिनी. पण वर्षं मोजून कॅप्टनची आर्मबँड द्यायची आपल्याकडे पद्धतच पडलीये, जो जास्त टिकला तो कॅप्टन, आणि मग बाकीचे चार जण म्हणतात आपल्या दंडावर थोडीच आहे.

तुझ्या दंडावर कधीच नव्हती. तरी बॉल तूच आणायचास. मी ते तेव्हा कधी नीट बघितलंच नाही. आता आठवतंय की तू जाळीतून बॉल घेऊन सरळ सेंटरला यायचा नाहीस, वाकडी वाट करून ज्याची चूक झाली त्याच्याजवळून यायचास. आणि किकऑफनंतर दुसरा नाहीतर तिसरा पास त्यालाच द्यायचास, छोटा, पायात, चुकणारच नाही असा. माझा तो सेल्फ गोल झाला होता त्या मॅचला तू मला दिला होतास. मला राग आला होता, म्हटलं आत्ताच मला कशाला देतोय हा. मग मी तो नीट परत दिला आणि पुढच्या पाच मिनिटांत पाय मोकळे झाले. गुडघ्यामुळे तू गेलास तेव्हा आम्ही म्हणालो की मधल्या फळीतला एक हाफ कमी झाला. किती कमी झालं ते आत्ता कळतंय.

तर आता असं आहे. तो पोरगा मागच्या दोन प्रॅक्टिसला आला नाही. मी फोन केले, उचलत नाही. मेसेज वाचतो, उत्तर नाही. काल मी त्याच्या घरी गेलो, दारातच पाच मिनिटं बोललो. नजर खालीच होती त्याची. माझ्याकडून चुकलं असं मी त्याला सांगितलं, पाठ फिरवली होती ते सांगितलं, तो एवढंच म्हणाला, "तुम्ही काय करणार दादा, चूक माझी होती." रविवारी येतो म्हणाला, पण तोंडदेखलं म्हणाला असं वाटलं. बाकी चौघांशीही बोललोय. दोघांनी ऐकून घेतलं. गोली चिडला, मग रात्री उशिरा त्याचा फोन आला, बराच वेळ बोललो. कॅप्टन अजून बोलत नाहीये माझ्याशी.

तू रविवारी ये. सकाळी सातला. गुडघ्याला पट्टा बांधून ये, खेळायचं नाहीये, पाच-पाच जणांचा डाव लावू आणि तू फक्त त्या पोराच्या बाजूला उभा रहा. तो आला नाही तर आपण दोघं मिळून त्याला आणायला जाऊ, मी गाडी घेऊन येतोय. आणि सेल्फ गोलनंतर जवळून जाताना तू मला काहीतरी म्हणाला होतास, मी खूप आठवायचा प्रयत्न करतोय, आठवत नाहीये. तुला आठवत असेल तर आजच कळव.

तुझाच,
मी

ता.क. तुझे जुने शिनगार्ड माझ्या बॅगेत सापडले, ते पण घेऊन येतो.