रोज चार पोती कोळसा चिमणीतून चालला, कोणाचं लक्ष नाही

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या चिमण्या, राख, कोळशाची टंचाई यावर नेहमी छापून येतं, यायलाच पाहिजे, पण हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर इकडे कारखान्यांच्या शेडच्या मागच्या बाजूला जे दोन-दोन तीन-तीन टनाचे छोटे बॉयलर चालू आहेत त्यांच्याबद्दल कधी चार ओळी वाचल्याचं मला तरी आठवत नाही. मी एकतीस वर्षं बॉयलरवर काढली, आधी हेल्पर, मग सेकंड क्लास अटेंडंट, मग फर्स्ट क्लास. आता रिटायर आहे, घरचे म्हणतात बाबा तुम्ही झोपेतही गेज ग्लास पाहता (बॉयलरमधलं पाणी किती आहे ते दाखवणारी काच). तर पत्राचा विषय आहे बॉयलरच्या ट्यूबमधली काजळी काढायची, हातात धरायची एक मशीन. एवढ्याशा गोष्टीवर पत्र काहून लिहून राहिला हा माणूस असं वाटेल, पण पूर्ण वाचा.

आधी ज्यांना बॉयलर माहीत नाही त्यांच्यासाठी. कोराडीचे ते 660 मेगावॅटचे युनिट, त्यांच्यात पाणी ट्यूबच्या आत आणि आग बाहेर, आणि त्यांची काजळी झाडायला सूट ब्लोअर असतात, बॉयलर चालू असतानाच लांब नळी आत जाते, वाफेचा फवारा मारते आणि बाहेर येते. आमच्या छोट्या बॉयलरमध्ये उलटं, धूर ट्यूबच्या आतून जातो आणि पाणी बाहेरून. म्हणजे काजळी आत बसणार, त्यात हात तर जात नाही. दोन टनाचा बॉयलर म्हणजे तासाला दोन टन वाफ, त्याच्यात सत्तर-ऐंशी ट्यूब, एकेक दहा-अकरा फूट लांब. कोळसा जाळा, लाकूड जाळा, नाहीतर आपल्याकडे पऱ्हाटी-तुराटीच्या ब्रिकेट निघाल्या आहेत त्या जाळा, हवा कमी पडली की काजळी आणि हवा जास्त मारली की राख उडून ट्यूबमध्ये, काहीतरी बसतंच.

आणि काजळी म्हणजे ट्यूबला आतून पांघरलेली गोधडी. उष्णता पाण्यात जायच्या ऐवजी सरळ चिमणीत. बीईई, म्हणजे केंद्र सरकारची ऊर्जा बचतीची संस्था, तिथले लोक एनर्जी ऑडिटच्या ट्रेनिंगमध्ये सांगतात, 3 मिलिमीटर काजळी बसली की इंधन अडीच टक्के जास्त लागतं, आणि चिमणीचं टेम्परेचर 22 डिग्री वाढलं की एक टक्का गेला समजा. अडीच टक्के ऐकायला काहीच वाटत नाही, शेठ लोक तर हसतात. पण हिशोब करा ना. आमचा दोन टनाचा बॉयलर तासाला चारशे किलो कोळसा खायचा, अडीच टक्के म्हणजे दहा किलो, वीस तास चालला तर दोनशे किलो, म्हणजे पन्नास किलोची चार पोती. रोज. चार पोती कोळसा गेटमधून चोरीला गेला असता तर सिक्युरिटीवाल्याची नोकरी गेली असती, चिमणीतून गेला तर कोणी विचारत नाही.

आता ही काजळी काढतात कशी ते सांगतो. रविवारी शटडाऊन. शनिवारी रात्री आग काढायची, तरी रविवारी सकाळी पत्रा हाताला चटका देतोच, आणि मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना तो थंड व्हायचा तरी कसा. पुढचं दार उघडलं की मधाच्या पोळ्यासारखी भोकं, प्रत्येकाच्या काठावर काळी झालर. बारा फुटाची सळई, टोकाला तारेचा ब्रश, जागा कमी असली तर सळईचे दोन तुकडे आटे देऊन जोडायचे आणि एक जण पुढून घालतो, ढकलतो, ओढतो. मागच्या बाजूला स्मोक बॉक्सजवळ, म्हणजे चिमणीत जायच्या आधी धूर जिथे जमतो त्या पेटीजवळ, दुसरा माणूस उभा, त्याच्या तोंडावर सगळं येतं. नाकाला ओला दुपट्टा, तोच जो आपण उन्हात गाडीवर बांधतो. काम संपल्यावर सुपरवायझर गुळाचा खडा देतो, गूळ खाल्ला की काजळी पोटातून निघून जाते म्हणे. फुफ्फुसातली काजळी गुळाने कशी निघेल हे मी तेव्हा विचारलं नाही, गोड होता, खाऊन घेतला. तीन दिवस थुंकी काळी यायची.

अजून एक गोष्ट जी बाहेरच्यांना माहीत नसते. थ्री पास बॉयलरमध्ये, म्हणजे ज्यात धूर पुढे-मागे तीन फेऱ्या मारून चिमणीत जातो, दुसऱ्या पासची काजळी आपण ढकलली की ती बाहेर येत नाही, आत मागच्या चेंबरमध्ये पडते. ती काढायला फर्नेसच्या नळीतून सरपटत आत जावं लागतं, मग जो सगळ्यात बारीक पोट्टा असेल तो जातो, तगारी घेऊन. मी पण गेलो आहे, तेव्हा माझी कंबर अठ्ठावीस होती. आत दिवा म्हणून वायरला लटकवलेला साधा घरगुती बल्ब. आमच्या वेळचा 1948 चा फॅक्टरी ॲक्ट सांगायचा की अशा बंद जागेत चोवीस व्होल्टच्या वरचा हातातला दिवा किंवा विजेचं हत्यार पुरेशी सुरक्षा असल्याशिवाय न्यायचं नाही, आणि भट्टी पुरेशी थंड झाल्याशिवाय माणसाला आत पाठवायचं नाही. चोवीस व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला नोकरीत तेरा वर्षं झाली होती. आणि काजळी काय चीज आहे हे काही आज कळलेलं नाही, लंडनच्या पर्सिव्हल पॉट नावाच्या सर्जनने 1775 सालीच लिहून ठेवलं की चिमण्या साफ करणाऱ्या पोरांना पुढे जो कॅन्सर होतो तो काजळीमुळे. अडीचशे वर्षं झाली त्याला.

तर ती मशीन. दिसायला काही विशेष नाही, एक मोटर, तिला जोडलेली लवचिक केबल, केबलच्या टोकाला ब्रश आणि हातात पिस्तुलासारखी मूठ. खटका दाबला की केबल आतल्या आत फिरते, ब्रश गरगर फिरत ट्यूबमध्ये जातो आणि काजळी खरवडतो. चांगल्या मशीनला व्हॅक्यूम जोडलेला असतो, ट्यूबच्या तोंडाशीच नळी बसते आणि सुटलेली काजळी उलटी आपल्याकडे ओढून टाकीत जमा करते. म्हणजे मागे माणूस उभा करायची गरज नाही, आणि चेंबरमध्ये पडतच नाही म्हटल्यावर आत सरपटणं पण जवळपास बंद. हवेवर चालणारी पण येते, कॉम्प्रेसरच्या लाईनला लावायची, तिच्यात शॉकची भीती नाही. नुसती हवा मारायची गन पण विकतात, ती स्वस्त पडते, पण ती काजळी काढत नाही, फक्त ट्यूबमधून उचलून तुमच्या अंगावर आणून टाकते. आणि कृपा करून हाऊसकीपिंगचा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, काजळीत कधी निखारा दडलेला असतो, पिशवी पेटते, आमच्याकडे पेटली होती.

मी जिथे शेवटची बारा वर्षं होतो (नाव लिहीत नाही, त्यांचं मीठ खाल्लं आहे) तिथे चार वर्षं मागे लागून ही मशीन आणवली. परचेसवाल्या साहेबाने मला न विचारता ऑर्डर दिली. ड्रॉइंगवर ट्यूबचा साईज लिहिला होता 63.5, त्याने ब्रश मागवले 63 चे, अर्धा मिलिमीटर कमी, म्हणजे स्वतः हुशारी केली असं त्याला वाटलं. आता ड्रॉइंगवर ट्यूबचं माप बाहेरून असतं हो! भिंत 3.66 ची, दोन्ही बाजूचे मिळून सव्वासात गेले, आतून राहिले जेमतेम छप्पन. ब्रश आतल्या मापापेक्षा एक-दीड मिलिमीटर मोठा पाहिजे, घट्ट बसला तरच खरवडतो, पण सात मिलिमीटर मोठा म्हणजे काय! माझी त्या दिवशी सेकंड शिफ्ट. सकाळच्या पोट्ट्यांनी तो ठोकून ठोकून आत घातला, चार फुटावर अडकला, मग ओढायला गेले तर निघेना, कारण तारा एका दिशेला वाकून बसल्या, म्हणून तर ब्रश नेहमी आरपार काढायचा असतो, मधूनच उलटा ओढायचा नसतो. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं, मोटर उलटी फिरवू. ड्रिल उलटं फिरवतो तसं. ती केबल तारांच्या थरांनी वळलेली असते, एकाच दिशेने फिरायला, उलटी फिरवली की थर सुटतात. मी दुपारी पोहोचलो तेव्हा मशीनच्या भोवती सगळे गोल उभे होते, मयताला उभे राहतात तसे, आणि केबलला मधोमध गाठीसारखा फुगा आलेला. सगळ्यात लहान हेल्पर मला म्हणाला, काका, आम्ही काहीच नाही केलं, ती आपोआप झाली.

मग नेहमीचं. मशीन बेकार आहे, आपली सळईच बरी. पाच महिने मशीन पेटीत. तो अडकलेला ब्रश मागून पाईप घालून हातोड्याने काढावा लागला, ती मेहनत वेगळी.

शेवटी मी माझ्या ओळखीने नवी केबल आणि 57 चे दोन ब्रश आणवले आणि एका रविवारी स्वतः उभा राहून काम केलं. आधी ट्यूबमधले पत्र्याचे पीळ, टर्ब्युलेटर म्हणतात ते, सगळे बाहेर काढले, ते न काढता ब्रश घालणारे महाभाग पण आहेत. सळईने तीन माणसांचा पूर्ण दिवस जायचा, मशीनने दोन माणसं दुपारच्या जेवणाला मोकळी. माझा शर्ट काळा झाला नाही असं म्हणणार नाही, पण दात पांढरे राहिले. आणि सोमवारी पूर्ण लोडवर चिमणीचं टेम्परेचर 224, आदल्या आठवड्यात त्याच लोडवर 262 होतं. दहा किलो प्रेशरला वाफ स्वतःच 184 ला असते, त्यामुळे छोट्या बॉयलरला 224 वाईट नाही. वहीत लिहून शेठला दाखवलं, शेठ म्हणाले मीटर बरोबर आहे ना?

यातून मला जे सांगायचं आहे ते एवढंच की ज्याला ती मशीन हातात धरायची आहे त्याला विचारून घ्या आणि घेतल्यावर त्याला एक दिवस शिकवा. हत्यार चांगलं आहे, पण परचेसवाला पकडत नाही ते. आतलं माप स्वतः कॅलिपरने घ्या. चिमणीला थर्मामीटर लावा, बंद पडलेला असेल तर बदला, साफ केल्याच्या दुसऱ्या दिवशीचं टेम्परेचर भिंतीवर खडूने लिहा आणि त्याच्यावर वीस डिग्री चढलं की दार उघडा, महिन्याची तारीख पाहत बसू नका. पावसाळ्यात बॉयलर बंद ठेवणार असाल तर बंद केल्याबरोबर साफ करा, सुरू करायच्या आदल्या दिवशी नाही, कोळशातल्या गंधकाची ती काजळी ओल धरली की ॲसिड होऊन ट्यूब आणि ट्यूब ज्यात बसवतात ती प्लेट खाते. एक फरक पण लक्षात ठेवा, पाण्याच्या बाजूला जो क्षार बसतो त्याचा या ब्रशशी संबंध नाही, त्याला पाण्यातला क्षार काढणारा सॉफ्टनर सांभाळावा लागतो, ते दुर्लक्ष तर पैशाच्या पलीकडे जिवावर येतं.

आता तर 1923 चा कायदा जाऊन 2025 चा नवीन बॉयलर कायदा आला. इन्स्पेक्टर साहेब वर्षातून एकदा येतात, त्यांच्यासाठी बॉयलर आतून-बाहेरून असा चमकतो जसं पोळ्याचा बैल, आणि बाकीचे अकरा महिने काजळी. त्यांना दोष नाही, त्यांचं काम बॉयलर फुटू नये हे पाहणं, कोळसा किती जळाला हे नाही. पण जाता जाता चिमणीचा थर्मामीटर चालू आहे का एवढं विचारलं तरी खूप होईल. ज्या छोट्या कारखान्यांना मशीन परवडत नाही त्यांनी पाच-सहा जणांनी मिळून एक घ्यावी, प्रत्येकाला महिन्यातून एकच दिवस लागते, ब्रश मात्र ज्याचे त्याचे. एमआयडीसीतल्या असोसिएशनने मनावर घेतलं तर अवघड नाही, आणि शिकवायला माणूस लागला तर मी येतो, चहावर.

आमचे आजोबा एम्प्रेस मिलच्या बॉयलरवर होते, ती जमशेटजी टाटांची 1877 ची मिल, आता त्या जागेवर मॉल आहे. आजोबा ज्या सळईचं वर्णन करायचे तीच सळई मी नोकरीच्या पहिल्या दिवशी हातात घेतली. मॉलमध्ये नातवाला घेऊन गेलो होतो, एसीत बसून त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला आबा, ते फिरणारं ब्रशवालं यूट्यूबवर आहे, दाखवू का.

मागच्या महिन्यात त्या जुन्या कारखान्यात सहज गेलो. मी निघाल्यावर बॉयलर कॉन्ट्रॅक्टवर दिला, पोरं नवीन आहेत, रविवार होता आणि दार उघडून सळईच चालू होती. मशीनबद्दल विचारलं तर एकाने स्टोअरमधल्या कपाटाच्या वर बोट दाखवलं. स्टुलावर चढून पेटी उघडली, माझे दोन्ही 57 चे ब्रश झिजून टकले झालेले, आणि बाजूला ते 63 चे पाच, अजून प्लास्टिकमध्येच.

आपला,
एक निवृत्त बॉयलर अटेंडंट, नागपूर