विषय: व्हॉइस चॅटमधील लैंगिक छळ, मराठीत न चालणारा शब्दफिल्टर आणि स्त्री-पात्रांची मांडणी याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
भारत कार्यालय

महोदय / महोदया,

आपल्या बंदुकीच्या ऑनलाइन गेमचा सीझन पास (एका हंगामाची वर्गणी) आम्ही पैसे मोजून घेतो. चौघांचा स्क्वॉड (संघ), व्हॉइस चॅट (खेळताना एकमेकांशी बोलणे) आणि रँक (क्रमवारीतली जागा) हे तिन्ही त्या पैशांत धरलेले आहे. स्क्वॉडमध्ये बाईचा आवाज ऐकू आला की काय सुरू होते, हे आम्ही वेळोवेळी रिपोर्ट करून कळवले. दर वेळी एकाच साच्यातले उत्तर आले: पुरेसा पुरावा आढळला नाही, संबंधित खेळाडूला म्यूट करावे. हे उत्तर आम्हाला मान्य नाही. बिघाड नेमका कुठे आहे आणि तो कसा काढता येईल, ते इथे सविस्तर लिहीत आहोत.

आधी म्यूटबद्दल. ‘गोदामात दोघं, वरच्या मजल्यावर’, ‘मागून गाडी येतेय’, ‘मी नॉक आहे (जखमी होऊन पडले आहे), धूर टाक आणि उचल’ हे सगळे कॉल तोंडीच दिले जातात. नकाशावरची खूण जागा दाखवते, पण शत्रू किती आहेत, कुठल्या मजल्यावर आहेत, कोणाच्या किती गोळ्या उरल्या आहेत हे खुणेतून कळत नाही. तिघांना म्यूट करून स्वतःचा माइकही बंद ठेवणारी खेळाडू शेवटच्या वर्तुळात (सामन्याच्या अखेरीस खेळायला उरणाऱ्या लहान जागेत) एकटीच असते आणि समोर चौघांचा बोलता स्क्वॉड असतो. तिची रँक घसरते. शिव्या देणाऱ्याचे काहीच जात नाही. जिच्यावर अन्याय झाला तिच्याच हातून गेमचा अर्धा भाग काढून घेणे हा आपला सध्याचा उपाय आहे, आणि पासचे पैसे मात्र तिने पूर्ण भरलेले आहेत.

आवाज हेच कारण असते, हे संशोधनातही दिसले आहे. हॅलो ३ या गेममध्ये पुरुषाच्या आणि स्त्रीच्या आवाजातली तीच वाक्ये वाजवून केलेला प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. स्त्रीच्या आवाजाला पुरुषाच्या आवाजापेक्षा सुमारे तिप्पट वाईट शेरे मिळाले. २०१५ साली त्याच गेमवरचा दुसरा अभ्यास आला. त्यात ज्यांचा खेळ कच्चा होता ते पुरुष स्त्री-टीममेटशी जास्त वाईट वागत होते. म्हणून ‘चांगले खेळा, मान मिळेल’ असा सल्ला आपल्या सपोर्ट टीमने पुन्हा कोणाला देऊ नये.

आता रिपोर्टचा रस्ता. रिपोर्टचे बटण फक्त निकालाच्या पडद्यावर येते. सामना साधारण पंचवीस मिनिटांचा. तिसऱ्या मिनिटाला घडलेली गोष्ट बावीस मिनिटे सोसल्यावर नोंदवायची, आणि मधेच बाहेर पडले तर सामना सोडल्याचा दंड आपल्याच खात्यावर. बटण सापडल्यावर कारणांच्या यादीत ‘चीटिंग’, ‘मुद्दाम हरणे’, ‘अपशब्द’ आहेत, लैंगिक छळ नाही. बलात्काराची धमकी आणि ‘मूर्खा, नीट खेळ’ हे दोन्ही ‘अपशब्द’ याच डब्यात पडतात आणि एकाच रांगेत थांबतात. त्याखाली तपशील लिहायला १०० अक्षरांची चौकट आहे. त्या चौकटीलाही चॅटचाच फिल्टर लावलेला आहे! समोरचा काय म्हणाला ते शब्दशः लिहिले की ‘अयोग्य शब्द वापरू नका’ असा लाल पट्टा येतो आणि रिपोर्ट पुढे जात नाही. पीडितेला पुरावा लिहू न देणारी तक्रारपेटी आम्ही दुसरीकडे कुठे पाहिली नाही. कृपया ही एक गोष्ट आजच्या आज बदला. एका चौकटीवरचा फिल्टर काढणे हे मोठ्या अपडेटचे काम नाही.

‘पुरेसा पुरावा आढळला नाही’ याचे कारणही यातच आहे. तपासणाऱ्याकडे जातो तो टेक्स्ट चॅटचा लॉग. छळ झालेला असतो आवाजात. लॉग स्वच्छच दिसणार. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या गेमयंत्रावर जुलै २०२३ मध्ये कंपनीने यावर सोपी वाट काढली: शेवटच्या ६० सेकंदांचा आवाज खेळाडूच्याच यंत्रावर तात्पुरता राहतो, आणि तिने स्वतः रिपोर्ट पाठवला तरच तो कंपनीकडे जातो. फोनवर याचा भार पडेल असे आपण म्हणाल, म्हणून हिशेब देतो. ओपस कोडेकमध्ये (आवाजाची फाइल लहान करण्याच्या पद्धतीत) २४ किलोबिट प्रतिसेकंद दराने एका माणसाचा ६० सेकंदांचा आवाज म्हणजे १८० किलोबाइट. तीन टीममेट धरले तर ५४० किलोबाइट. आपल्या लॉबीतली (सामन्याआधीच्या पडद्यावरची) एक फिरती जाहिरातसुद्धा याहून जड असते. ध्वनिमुद्रण चालू आहे ही सूचना सर्वांना दिसावी, बाकीचा आवाज आपोआप पुसला जावा, आणि रिपोर्ट करण्याची सोय चालू सामन्यातच, टीममेटच्या नावावर बोट दाबून धरल्यावर मिळावी.

सोबत मास रिपोर्टचाही बंदोबस्त हवा. एका स्क्वॉडचे तिघे मिळून तक्रार करणाऱ्या मुलीलाच ‘अपशब्द’ म्हणून रिपोर्ट करतात आणि संख्या भरली की आपली यंत्रणा तिचाच माइक बंद करते. एकत्र खेळायला आलेल्या तिघांचे रिपोर्ट एकच धरले, तर हा खेळ त्या दिवशी थांबेल.

आता मराठीचा मुद्दा. गेमच्या सेटिंगमध्ये मराठी निवडता येते याचा आम्हाला मनापासून आनंद झाला होता. पण शब्दफिल्टर मराठीसाठी केलेलाच नाही, इंग्रजीच्या फिल्टरला शब्दांची यादी तेवढी जोडलेली आहे. तो अख्खा शब्द जुळला तरच पकडतो. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो आणि चिकटताना शब्दाचे रूप बदलतो. निरुपद्रवी शब्दावर पाहा: ‘घोडा’ यादीत टाकला तर ‘घोडा’ तेवढा अडेल, ‘घोड्याला’, ‘घोड्याची’, ‘घोड्यांनो’ सगळे निसटतील. शिव्यांचे नेमके हेच होते आहे, कारण शिवी सहसा प्रत्यय लावूनच दिली जाते. उलट जुळणी शब्दाच्या आतल्या तुकड्यावर केली तर निष्पाप शब्द मारले जातील. ‘गे’ अडवायला जाल तर ‘गेली’ अडेल आणि ‘गेम’ही अडेल.

यादी कशी करायची तेही सांगतो. प्रत्येक नामाची चार रूपे घ्या: एकवचन, अनेकवचन आणि दोन्हींची सामान्यरूपे (घोडा, घोडे, घोड्या-, घोड्यां-). शेवटच्या दोघांपुढे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये जोडा. त्यांची संख्या मोजकी आहे. जुळणी करण्याआधी मजकूर युनिकोडच्या एनएफसी रूपात (एकच अक्षर नेहमी एकाच प्रकारे साठवण्याच्या ठरलेल्या रूपात) आणा आणि झीरो-विड्थ चिन्हे गाळा, कारण शिवीच्या मधोमध असे न दिसणारे चिन्ह घुसवले की माणसाला शब्द तोच दिसतो आणि यंत्राला वेगळा. मात्र हे गाळणे तपासणीच्या प्रतीवरच करा. मराठीत अर्धा ‘र’ लिहिण्यासाठी काही कीबोर्ड हेच चिन्ह वापरतात. मूळ मजकुरातून ते काढले तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होऊन बसेल. रोमन लिपीतल्या मराठीसाठी आधी स्पेलिंग एकसारखी करून घ्यावी लागतील: जोड स्वर एक करणे, व्ही आणि डब्ल्यू एक मानणे, ‘i’च्या जागी टाकलेला ‘1’ हा आकडा परत ‘i’ करणे. आपल्या चॅटमधले बरेचसे मराठी रोमनमध्येच लिहिले जाते, त्यामुळे ही पायरी गाळून चालणार नाही.

आणि ‘गे’ हा शब्द यादीतून आजच काढा. याला दोन कारणे आहेत. कोकणात बायकांना हाक मारताना तो येतोच. ‘खंय गेलंस गे?’ इतके साधे वाक्य आपल्या चॅटमध्ये तारांकित होऊन दिसते. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे. ‘गे’, ‘लेस्बियन’, ‘ट्रान्स’ हे शब्द माणसे स्वतःची ओळख सांगायला वापरतात आणि ते आपण झाकता. तृतीयपंथी व्यक्तींना आणि बायकी वाटणाऱ्या मुलांना हिणवण्यासाठी वापरला जाणारा ‘छक्का’ मात्र बिनदिक्कत दिसतो. ओळख झाकायची आणि शिवी दाखवायची, असा हा उलटा कारभार आहे.

हाच कारभार पात्रांच्या मजकुरातही आहे. आपल्या वैद्यकीय पथकातल्या स्त्री-पात्राच्या इंग्रजी परिचयात ती आपल्या पत्नीचा फोटो खिशात बाळगते. मराठी परिचयात तीच पत्नी ‘जिवलग मैत्रीण’ झाली आहे. हा अनुवादाचा घोटाळा आहे असे म्हणवत नाही, कारण त्याच परिचयात एका पुरुष-पात्राची ‘पत्नी’ मराठीतही पत्नीच राहिली आहे. कायद्याचे कारण पुढे करू नये. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या व्याख्येतून काढले, त्याला बराच काळ लोटला. शिवाय ती आणि तिची पत्नी या दोन पात्रांची ओठांजवळ ओठ आणलेली विजयमुद्रा (जिंकल्यावर दिसणारी मुद्रा) आपल्या दुकानात मराठी नावाने विकायला ठेवली आहे. त्यांचे नाते मराठीत लिहायला चालत नाही आणि त्यांचा देखावा विकायला चालतो, याचा खुलासा आम्हाला लेखी हवा आहे.

स्त्री-पात्रांच्या देहाबद्दल. एकच लेव्हल ३ जॅकेट (तिसऱ्या पातळीचे संरक्षक जॅकेट) दोन पात्रांना घालून लॉबीत शेजारी उभे करा. पुरुषाचे जॅकेट गळ्यापासून कमरेखालपर्यंत येते, दोन्ही पाय जमिनीवर घट्ट, बंदूक छातीशी. बाईचे जॅकेट बरगड्यांशी संपते, पोट उघडे. कंबर इतकी पिळलेली की छाती आणि नितंब एकाच वेळी कॅमेऱ्याला दिसावेत. कॅमेरा पुरुषाच्या छातीच्या उंचीवर असतो, बाईच्या कमरेच्या. छातीच्या सांध्याला लावलेली स्प्रिंगची हालचाल तर ती नुसती उभी असतानाही चालू राहते. संरक्षणाचे आकडे दोघांना सारखेच आहेत, तेव्हा पोट उघडे ठेवण्याला खेळाच्या दृष्टीने काहीही अर्थ नाही. यातल्या तीन गोष्टी आकडे बदलून सुधारतात: कॅमेऱ्याची उंची, उभे राहण्याची मुद्रा आणि ती स्प्रिंग. ब्लिझार्ड कंपनीने मार्च-एप्रिल २०१६ मध्ये, तिचा ओव्हरवॉच हा गेम बाजारात येण्याआधीच, खेळाडूंनी आक्षेप घेतल्यावर ट्रेसर या स्त्री-पात्राची एक विजयमुद्रा बदलली होती. करायचे ठरवले की होते.

पुरुषांचे चार बांधे आणि बायकांचा एकच, डोके तेवढे बदललेले, हे खर्चामुळे होते याची आम्हाला कल्पना आहे. विकायच्या सगळ्या स्किन (पात्रांचे पोशाख) एका सांगाड्यावर बसल्या की काम वाचते. पण २०१४ साली असॅसिन्स क्रीड युनिटी या गेममध्ये खेळता येईल असे स्त्री-पात्र नसण्याचे कारण म्हणून जास्तीच्या अॅनिमेशनचा खर्च सांगितला गेला, तेव्हा त्याच मालिकेवर पूर्वी काम केलेल्या अॅनिमेटरने हे एकदोन दिवसांचे काम असल्याचे जाहीरपणे सांगितले होते. नवा सांगाडा मागतच नाही. आहे त्याच सांगाड्यावर जाड, उंच आणि वयस्क असे तीन बांधे प्रमाण बदलून करता येतात.

महाराष्ट्राच्या नावाने विकलेल्या नऊवारीच्या स्किनचे आम्हाला सगळ्यात जास्त वाईट वाटले. नऊ वार म्हणजे जवळपास सव्वाआठ मीटर कापड, आणि ते इतके लागते ते काष्ट्यासाठी. निऱ्या दोन पायांतून मागे नेऊन कमरेला खोचल्या की प्रत्येक पायाला वेगळे आवरण मिळते. बाई घोड्यावर बसू शकते, शेतात वाकू शकते, पळू शकते. पदर छातीवरून घेऊन कमरेला खोचला की हात मोकळे. धावणाऱ्या, रांगणाऱ्या, उड्या मारणाऱ्या पात्रासाठी याहून सोयीचे वस्त्र शोधून सापडणार नाही. आपल्या स्किनमध्ये काष्टाच नाही. सहावारीसारखे गुंडाळलेले कापड आहे आणि मांडीपर्यंत चीर दिली आहे, म्हणून धावताना ते पायात घुसते आणि रांगताना जमिनीतून आरपार जाते. तांत्रिक दोष आणि अश्लीलता दोन्ही एकाच कात्रीने आणले आहेत. ज्यांनी ही स्किन विकत घेतली त्यांना काष्ट्यासह दुरुस्त आवृत्ती मोफत द्यावी, नको असेल त्यांना पैसे परत करावेत.

जाहिरातींबद्दल एवढेच, की ज्यात रडणारी बाई ‘वाचवा’ म्हणते आणि तिचे कपडे फाटत जातात, त्यातला एकही प्रसंग गेममध्ये नाही. भारतीय जाहिरात मानक परिषदेने जून २०२२ मध्ये लिंगभेदी साचेबद्ध चित्रणाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. ही जाहिरात तिथेही पाठवत आहोत.

माहिती तंत्रज्ञान (मध्यस्थ) नियम, २०२१ मध्ये लिंगाच्या आधारे अपमान किंवा छळ करणारा मजकूर स्पष्टपणे नमूद आहे. तक्रारीची पोच २४ तासांत देणे आपल्यावर बंधनकारक आहे. ती द्यावी, आणि सोबत तक्रार क्रमांक द्यावा. तक्रारपेटीवरील फिल्टर, ‘लैंगिक छळ’ हे वेगळे कारण आणि ‘गे’ शब्दाची सुटका या तीन गोष्टी पुढच्या किरकोळ अपडेटमध्ये याव्यात. ६० सेकंदांचे ध्वनिमुद्रण, मराठी फिल्टर आणि परिचयाची दुरुस्ती यांच्या तारखा लेखी कळवाव्यात. समाधान झाले नाही तर तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांच्या आत अपील करू, आणि सेवेतील त्रुटीबद्दल राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करू. छळाच्या आणि धमक्यांच्या प्रकरणांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ (स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान) आणि कलम ३५१ (धमकावणे) खाली पोलिसांकडे जाण्याचा संबंधित खेळाडूंचा हक्क वेगळा आहे. पोलिसांनी माहिती मागितली तर लॉग पुसले गेले असे उत्तर येऊ नये, म्हणून सोबत दिलेल्या रिपोर्ट क्रमांकांचे सर्व लॉग आजपासून जपून ठेवावेत.

सोबत: रिपोर्ट क्रमांकांची यादी, दोन्ही भाषांतील पात्र-परिचयाचे स्क्रीनशॉट, लेव्हल ३ जॅकेटचे आणि नऊवारी स्किनचे स्क्रीनशॉट, प्रत्ययांची आणि शब्दयोगी अव्ययांची यादी, आपल्या अनुवाद विभागासाठी. सह्या करणाऱ्यांची नावे आणि प्लेअर आयडी बंद पाकिटात आहेत. ती समोरच्या खेळाडूंना कोणत्याही परिस्थितीत कळवू नयेत.

आपल्या गेमच्या ग्राहक,
पुणे, कोल्हापूर, रत्नागिरी