शेवाळाच्या हौदावरून सुहासला

इचलकरंजी

प्रिय सुहास,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘दोन प्रोटॉनांमधलं बल प्रयोगात केव्हाच मोजून झालंय, समीकरणंही १९७०च्या दशकापासून तयार आहेत, मग मी महासंगणकावर वर्षं कशाला घालवतोय?’ हे तू खरंच मनापासून लिहिलं असशील, तर मला त्यावर भांडायचंय.

माझ्या कामावरही हाच आक्षेप असतो. शेवाळ सांडपाणी स्वच्छ करतं, हे विल्यम ऑसवाल्ड यांनी कॅलिफोर्नियात १९५०च्या दशकातच दाखवलं. फूटभर खोलीचा हौद, पाणी संथ फिरवत ठेवणारं चाक आणि ऊन. जीवाणू घाण खातात, त्यांना लागणारा ऑक्सिजन शेवाळ देतं. जीवाणूंचा कर्बवायू शेवाळ घेतं आणि पाण्यातला नायट्रोजन, फॉस्फरस स्वतःच्या वाढीला वापरतं. हवा भरणारा ब्लोअर लागत नाही, म्हणजे विजेचा मोठा खर्च वाचतो.

पण ते घरगुती सांडपाणी होतं. आमच्याकडे येतं ते कापड रंगवलेलं पाणी. गडद रंगातून ऊन आत उतरतच नाही, आणि उजेड नाही तर शेवाळ काय करणार? म्हणून हे पाणी आधी हवाबंद टाकीत ठेवावं लागतं. तिथले जीवाणू अ‍ॅझो या कापडाच्या रंगातला दोन नायट्रोजन अणूंमधला दुहेरी बंध तोडतात आणि रंग उतरतो. पण त्यातून अमाइन ही नायट्रोजनयुक्त संयुगं तयार होतात आणि त्यांतली काही विषारी असतात. त्यांचा निकाल पुढे ऑक्सिजन असलेल्या हौदात लावायचा, आणि तो ऑक्सिजन शेवाळाचा. रंगाईत वापरलेलं मीठ मात्र तसंच राहतं. ते शेवाळ काढू शकत नाही, आणि हे मी कारखानदारांना पहिल्याच भेटीत सांगतो. पंचगंगा इथून पुढे नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिळते, खालच्या गावांचं पाणी तेच आहे. खोटी आशा दाखवून कसं चालेल?

सगळ्यात चिवट अडचण तर शेवटी येते. पेशी काही मायक्रॉनची, तिच्यावर ऋण भार, त्यामुळे पेशी एकमेकींना दूर ढकलतात आणि खाली बसत नाहीत. लिटरभर पाण्यात सुकं शेवाळ जेमतेम ग्रॅमभर. पाणी गरगर फिरवून पेशी वेगळ्या करणारा सेंट्रिफ्यूज लावला तर वाचवलेली वीज तिथेच जाते. तुरटी घातली तर गाळ बसतो, पण त्यात अ‍ॅल्युमिनियम येतं. जीवाणू आणि शेवाळ मिळून आपणहून गोळे धरतील अशी परिस्थिती जमवणं, सध्या मी यातच बुडालोय. तत्त्व कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडेल, हे तिथे सापडत नाही.

आता तुझं बघ. प्रोटॉनचं वस्तुमान ऊर्जेच्या एककात ९३८ एमईव्ही आणि तो ज्यांचा बनतो त्या तीन क्वार्क कणांच्या वस्तुमानाची बेरीज त्याच्या साधारण एक टक्का. बाकी सगळं क्वार्कांना जोडून ठेवणाऱ्या ग्लुऑन क्षेत्राच्या आणि क्वार्कांच्या हालचालीच्या ऊर्जेतून येतं. ते कागदावर सोडवता येत नाही म्हणून केनेथ विल्सन यांनी १९७४ मध्ये अवकाश-काळाची सुट्या बिंदूंची जाळी मांडली, म्हणजे गणित संगणकावर करता येतं. तरी दोन न्यूक्लिऑनांमधलं, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनांमधलं, बल त्या जाळीतून बाहेर यायला २००७ उजाडलं. इशिई, आओकी आणि हात्सुदा यांच्या आलेखात लांबवर आकर्षण आणि अगदी जवळ गेल्यावर जोरदार प्रतिकर्षण दिसलं. युकावा यांनी १९३५ मध्ये ज्या बलाचा विचार सुरू केला, ते थेट क्वार्कांपासून निघालं! त्या गणितात क्वार्क खऱ्यापेक्षा जड धरले होते, हे मान्य. हलके घ्यावेत तसा गोंगाट वाढतो आणि उपयोगाचा संकेत त्यात बुडतो, हे तूच मला समजावलंस. पुढे कोबेच्या के संगणकावर जवळजवळ खऱ्या वस्तुमानांनी गणित झालं, अवकाशाच्या तीन आणि काळाची एक अशा प्रत्येक दिशेला ९६ गाठी, म्हणजे एकूण साडेआठ कोटींच्या घरात.

आणि प्रयोगाने सगळं मोजलंय असं कसं म्हणतोस? लॅम्डासारखा हायपेरॉन, म्हणजे प्रोटॉनचा जड भाऊबंद, सेकंदाच्या अब्जांशापेक्षाही कमी जगतो. त्याला प्रोटॉनवर आदळवून पुरेशी मोजमापं घेणं फार कठीण, दोन हायपेरॉन एकमेकांवर आदळवणं तर सोडच. न्यूट्रॉन ताऱ्याच्या गाभ्यात ते असतील, तर तारा स्वतःचा भार किती पेलेल हे याच बलावर ठरतं. तिथे तुझ्या जाळीचा आधार फार मोलाचा आहे. हे काम सोडू नकोस, सुहास.

एक काम मात्र माझं कर. हौदात वरच्या पेशींना ऊन जास्त होऊन इजा होते, तळाच्या पेशी अंधारात राहतात, आणि चाक फिरतं तशा त्या वरखाली जातात. एका पेशीला दिवसभरात किती उजेड, किती किती वेळाने मिळतो, याचं गणित मला हवंय. खोली, चाकाचा वेग आणि शेवाळाची दाटी यांची मोजमापं सोबत जोडली आहेत. यादृच्छिक चालींचं गणित तुझ्या रोजच्या सवयीचं आहे. चाक किती वेगाने फिरवायचं एवढं कळलं तरी पुरे. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
विनायक