कोलकात्यातल्या बागबाजारच्या माशीमा आणि मेशोंना, जाहीर पत्र

माशीमा, मेशो,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र मी मराठीत लिहितेय आणि तेही चारचौघांत. मेशो, तुम्ही अक्षराला अक्षर लावत देवनागरी वाचाल, निम्मं कळेल आणि उरलेलं फोनवर विचाराल, हे धरूनच चालले आहे. चारचौघांत लिहायचं कारण वेगळं आहे. कोलकात्याहून परत आल्यापासून इथे ज्याला त्याला माझ्या खर्चाचं कौतुक. "एकटी गेलीस आणि एवढ्याशा पैशांत अख्खं कोलकाता बघून आलीस?" ऑफिसातल्या दोघींनी तर वही काढून हिशेब उतरवून घेतला. स्लीपरचं तिकीट, मेट्रो, लाँच, बस, जेवण. राहण्याच्या खर्चापुढे त्यांनी शून्य मांडलं आणि दोघी त्या शून्यावर बेहद्द खूश झाल्या. ते शून्य माझ्या बाजूचं आहे. तुमच्या बाजूला तिथे बरंच काही लिहावं लागेल, आणि ते कुणीतरी लिहायला हवं म्हणून हे पत्र.

माशीमा, मेशो म्हणजे बंगालीत मावशी आणि काका, पण इथल्या लोकांना आधी हे सांगायला हवं की आपली कसलीही ओळखपाळख नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ साली, डेन्मार्कमध्ये काही शांततावादी तरुणांनी सुरू केलेली सर्व्हास नावाची संस्था आहे. तिच्या यादीत तुमचं घर होतं. यजमानाने पैसे घ्यायचे नाहीत, पाहुण्याने द्यायचे नाहीत. निघण्याआधी पाहुण्याची मुलाखत होते, ओळखीचं पत्र मिळतं आणि मुक्काम साधारण दोन रात्रींचा. तेवढाच धरून मी पुढच्या दिवसांसाठी सडर स्ट्रीटवरची स्वस्त लॉज शोधून ठेवली होती. तिची पायरीसुद्धा मला चढावी लागली नाही, कारण नियमातल्या रात्री संपल्यावर माशीमांनी माझी सॅक उचलून कपाटावर टाकली आणि विषय संपवला.

नागपूरहून संध्याकाळी गीतांजली पकडली. मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना, १९७७ च्या डिसेंबरात, वरच्या वर्गाचा डबाच नसलेली गाडी म्हणून ती सुरू झाली होती आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गाद्या आल्या त्याही त्यांच्याच काळात. स्लीपरने जाणाऱ्याने त्यांची आठवण काढावी, असं आमचे बाबा दर प्रवासात म्हणतात, म्हणून काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा. मेशो, तुमचा निरोप फोनमध्ये होता : स्टेशनबाहेर टॅक्सीवाल्यांकडे बघायचं नाही, सरळ घाटावर जायचं, बागबाजारची लाँच धरायची. मी तसंच केलं आणि हावडा ब्रिज पहिल्यांदा खालून पाहिला. १९४३ चा तो अवाढव्य पूल, सगळा रिव्हेटांवर जोडलेला, नदीच्या पात्रात एकही खांब नाही. वरून बसने गेले असते तर गर्दीशिवाय काय दिसलं असतं? धक्क्यावर तुम्ही उभे होतात, कानटोपी, मफलर आणि स्वेटर असा सगळा जामानिमा करून. मी अर्ध्या बाह्यांच्या कुर्त्यात. जानेवारीतल्या कोलकात्याला थंडी म्हणायचं का, हा आपला वाद तिथूनच सुरू झाला. तो अजून मिटलेला नाही.

घरात शिरल्यावर चहाच्याही आधी तुम्ही माझ्या हातात चावी दिलीत. बाहेरच्या ग्रिलची आणि आतल्या दाराची, लाल दोऱ्यात ओवलेली. मी बावचळले. नुसत्या कागदावरच्या ओळखीवर कुणी असं घर देतं का? तुम्ही म्हणालात, "चावी नसली की पाहुणा शहर बघत नाही, घड्याळ बघत फिरतो." माझी सगळी सहल या एका वाक्यावर झाली. दुपारी दमून परत यावं, लाल सिमेंटच्या गार जमिनीवर पाय सोडून बसावं, खिडकीच्या हिरव्या खडखडीच्या पट्ट्यांतून गल्ली बघावी आणि पुन्हा निघावं. लॉजवर पैसे मोजूनही असं करता येत नाही. तिथे माणूस खोलीचे पैसे वसूल करायला दिवसभर बाहेर राहतो.

आता बर्गींचं, म्हणजे बंगालवर चालून गेलेल्या मराठी बारगीर घोडेस्वारांचं सांगते, कारण इथल्या लोकांना ते ऐकवायलाच हवं. पहिल्याच संध्याकाळी मेशो मला पाय मोकळे करायला घेऊन गेले आणि एका गल्लीच्या तोंडाशी थांबून म्हणाले, पाटी वाच. मराठा डिच लेन. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करपंत कोल्हटकर बंगालवर चालून गेले, तेव्हा कलकत्त्याच्या लोकांनी घाबरून शहराभोवती खंदक खणायला घेतला, तो हा. मराठे शहरापर्यंत पोहोचलेच नाहीत आणि खंदकही पुरा झाला नाही. पुढे तो बुजवला गेला, त्याच्या कडेने सर्क्युलर रोड झाला आणि बागबाजारात नाव तेवढं उरलं. आम्ही नागपूरची मुलं भोसल्यांचा वाडा बघत मोठी होतो. शाळेत बंगालची स्वारी दोन-चार ओळींत उरकली होती : स्वारी, चौथाई, १७५१ चा तह, ओडिशा मिळालं. त्या ओळींच्या पलीकडच्या टोकाला माणसं राहत होती, हे मला तुमच्या गल्लीत कळलं. मेशो, तुमचं मूळ गाव वर्धमानकडचं. बारगीर आले की गावंच्या गावं नदी ओलांडून पळायची, कोठारं जळायची, सारा भरायला दाणा उरायचा नाही, हे तुम्ही अगदी शांतपणे सांगितलंत. माझ्या तोंडाकडे बघून त्यातलं एक अक्षरही मऊ केलं नाहीत. बंगालचा नवाब अलिवर्दी खान याने बोलणीसाठी म्हणून बोलावून भास्करपंतांना १७४४ मध्ये मारलं, तेही त्याच आवाजात सांगितलंत. आजही बंगाली आया बर्गी आल्याचं अंगाईत गातात आणि लेकरं झोपतात. घरी आल्यावर माशीमांनी ती अंगाई म्हणून दाखवली, माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "खंदक खणून काय फायदा झाला? आलीच शेवटी. आणि आता चौथाईत धोकार डालना मागते!"

माशीमा, त्या धोकार डालन्याचं, म्हणजे डाळीच्या वड्यांच्या रश्श्याचं मोल मला तेव्हा कळलं नव्हतं. मी मासे खात नाही म्हटल्यावर इथे सगळ्यांनी मला घाबरवून ठेवलं होतं, कोलकात्यात उपाशी मरशील म्हणून. तुम्ही मात्र "निरामिष ना? बस" एवढंच म्हणालात. नंतर पानात काय काय आलं! सुरुवातीला कडवट शुक्तो, मग डाळ आणि वांग्याचे काप, केळफुलाचा घोंटो, खसखशीतले बटाटे, शेवटी टोमॅटोची गोड चटणी. ही कांदा-लसणाशिवायची रांधण बरीचशी विधवांच्या स्वयंपाकघरात घडली. ज्यांना मासे, कांदा, लसूण सगळंच बंद केलं गेलं, त्यांनी हाताशी उरलं त्यातून ही चव काढली, हे तुम्ही केळफूल निवडता निवडता सांगितलंत. तुमच्या आजेसासूबाईंचा हात होता म्हणे त्यात. हरभऱ्याची डाळ भिजवायची, वाटायची, हिंग-जिरं घालून परतायची, थापून वड्या पाडायच्या, तळायच्या आणि मग रश्श्यात सोडायच्या. हे सगळं तुमच्या दुखऱ्या गुडघ्यांवर, एका परक्या मुलीसाठी, घरच्या माशांच्या स्वयंपाकाशिवाय वेगळं. राहण्या-खाण्याचं शून्य म्हणतात ते हे.

बरं, तुम्ही मला नुसतं बसवूनही ठेवलं नाहीत, हे फार बरं केलंत. कचोरीसाठी मटार सोलायला दिलेत. गच्चीवरचे कपडे काढायला पाठवलंत. आणि बाजारातून आणलेली बोरं मी तोंडात टाकणार तेवढ्यात हातातून काढून घेतलीत, कारण सरस्वतीपूजा व्हायची होती आणि तिच्याआधी बोर खाल्लं तर विद्या जाते! आमच्याकडे संक्रांतीला बोरांनी लेकरांना न्हाऊ घालतात. ते ऐकून तुम्ही कपाळावर हात मारलात, तो चेहरा मी विसरणार नाही. जिथे असं रागावतात तिथे आपण पाहुणे उरत नाही. मला वाटतं, यजमानांकडे उतरू पाहणाऱ्यांनी हे आधी ठरवून जावं. फुकटची लॉज हवी असेल तर सरळ पैसे देऊन लॉज घ्यावी, त्यात दोघांचीही सोय असते. घरात उतरलात की घराच्या वेळा पाळाव्या लागतात, भांडी घासावी लागतात, दुपारी चारपर्यंत हळू बोलावं लागतं, कारण भातावरची झोप चालू असते.

मेशो, तुमची ती झोप मात्र माझ्यापायी रोज मोडली. ट्राम डेपोत आयुष्य घालवलेला माणूस तुम्ही, तुम्हाला माझ्या मोबाइलच्या नकाशावर विश्वास कसा असेल! जेवणं झाली की कागद घेऊन बसायचात. इंडियन म्युझियम सोमवारी बंद, म्हणून मंगळवारी. १८१४ साली स्थापन झालेलं, देशातलं सगळ्यात जुनं. भारहुतचा दगडी कठडा बघितल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. पुस्तकांसाठी महात्मा गांधी रोड मेट्रो, रवींद्रनाथांच्या घरी, जोडासांकोला गिरीश पार्क. कुमारटुलीला घरून चालत जायचं, पण फोटो विचारूनच काढायचे, कारीगर कामात असतात. तिथे गवताच्या सांगाड्यांवर मातीचा हात फिरत होता, सरस्वतीच्या छोट्या मूर्ती गल्लीत ओळीने सुकत होत्या आणि तिकीट कसलंच नव्हतं. दुपारी जेवायला जानबाजारकडचं पाइस हॉटेल. केळीच्या पानाचे, लिंबाचे, भाताचे, प्रत्येक वाटीचे पैसे वेगळे लावतात, त्यामुळे भूक तेवढाच खर्च होतो. आणि बसमध्ये कंडक्टर "आस्ते लेडीज, कोले बाच्चा" असं ओरडला तर घाबरायचं नाही, तुझ्या कडेवर मूल नसलं तरी तो तुझ्यासाठीच गाडी हळू करवतोय. ही सूचना कुठल्याही प्रवासाच्या माहितीपत्रकात मिळाली नसती.

२०२४ पासून हुगळीखालून जाणाऱ्या मेट्रोत मात्र तुम्ही माझ्यासोबत आला नाहीत. मिनिटभरात नदी संपते, त्यात बघायचं काय, म्हणालात. त्याऐवजी १८७३ साली घोड्यांनी ओढायला सुरुवात झालेल्या ट्रामच्या आजच्या उरल्यासुरल्या डब्यात मला बसवलंत. सबंध वाटभर खिडकीबाहेर न बघता चालकाच्या हाताकडे बघत होतात.

जोडासांकोच्या ठाकूरवाडीत तुम्ही मला फेडीची गोष्ट सांगितलीत. १८७८ साली सतरा वर्षांचा रवींद्रनाथ विलायतेला जाण्याआधी मुंबईत एका मराठी घरात राहिला होता. प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांचं ते घर. त्यांची विलायत पाहून आलेली मुलगी अन्नपूर्णा त्याला इंग्रजी बोलायला शिकवायची. "तुमच्या लोकांनी आमच्या मुलाला ठेवून घेतलं होतं, आम्ही तुला ठेवतोय," म्हणालात. बर्गींचं मात्र या खात्यात मोडत नाही, ते वेगळं लिहायचं, हेही लगेच बजावलंत. ट्रामचे हिशेब तपासणारा माणूस असाच बोलणार!

एक गोष्ट मला नंतर कळली, ती तुम्ही दोघांनी सांगितलीच नव्हती. ज्या रात्री मिरवणुकीमुळे बस वळवली आणि मला उशीर झाला, त्या रात्री पाड्याच्या, म्हणजे मोहल्ल्याच्या क्लबमधली दोन पोरं श्यामबाजारच्या पाच रस्त्यांच्या चौकात मेशोंनी उभी करून ठेवली होती. मी आपली नेताजींच्या पुतळ्यातल्या घोड्याचा फोटो काढत निवांत उतरले. पोरं दहा पावलं मागे राहून घरापर्यंत आली. माशीमा रोआकावर, दाराबाहेरच्या ओट्यावर बसल्या होत्या, हवा खायला म्हणे. त्या थंडीत, ज्या थंडीत मेशो कानटोपी काढत नाहीत! हे सगळं मला सरस्वतीपूजेच्या मांडवात त्याच पोरांनी हसत हसत सांगितलं. एकटी मुलगी कमी पैशांत निर्धास्त फिरते, तेव्हा तिची काळजी दुसरं कुणीतरी वाहत असतं. ऑफिसातल्या त्या दोघींना मी हे सांगितलं आणि वहीत लिहून घ्या म्हटलं.

आभार म्हटलं की माशीमा रागावतात, म्हणून फोनवर म्हणत नाही. इथे म्हणते, इथे त्यांना काही करता येणार नाही. मनापासून आभार.

आता कामाचं. माझा धोकार डालना रश्श्यात पडताच विरघळतो. डाळ वाटताना पाणी जास्त होतंय, की परतणं कमी पडतंय? मेशोंकडून लिहून पाठवा, गुडघे मोडून व्हिडिओ करत बसू नका. आणि डिसेंबरात इकडे या. दुपारी हावड्याहून गीतांजलीत बसलात की सकाळी नागपूर. संत्री झाडावर असतात, काटोलकडे मामांचा बगीचा आहे, तिथे नेईन. मेशोंना भोसल्यांचा वाडा बघायचाय, तोही दाखवीन. तिथे उभं राहून जे बोलायचं ते बोला, मी ऐकून घेईन. मासे मात्र बाहेरून आणावे लागतील, आईने आत्तापासूनच शेजारच्या काकूंना विचारून ठेवलंय. खाडीचे नाहीत, तळ्याचे मिळतील, चालतील ना? कानटोपी आणा. आमच्याकडे डिसेंबरात खरोखरची थंडी असते.

तुमची,
नागपूरची मुलगी