दप्तरातला पेपर

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

मराठीच्या पेपरातलं पत्रलेखन सोडलं तर हे माझं पहिलंच पत्र. समोर बसून बोलायला लागलो की तू "कळलं पप्पा" म्हणून उठतेस, म्हणून लिहितोय.

परवा आत्या म्हणाली, बाप शिकायला बसला म्हणून पोरगी अभ्यासाला लागली. तसं झालं नाही, तुलाही माहितीये. मी पुस्तक उघडून बसायचो तेव्हा पहिले चार महिने तू मोबाईलच बघत होतीस.

आठवीत शाळा सुटली आणि मी मंडईत गाळ्यावर बसलो. १७ नंबरचा फॉर्म भरून शाळेत न जाता दहावीला बसता येतं, हे फार उशिरा कळलं. भिडे वाड्यावरून लहानपणापासून जायचो. तिथली १८४८ ची मुलींची शाळा ठाऊक होती. पण जोतिराव-सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळाही काढली, हे चाळिशीत वाचलं. ज्यांच्या नावाच्या मंडईत मी पोट भरतो, त्यांनी माझ्यासारख्यांचा एवढा विचार केला होता! दिवसभर राबून पाटी घेऊन बसणारी ती माणसं मला फार जवळची वाटली.

पावणेदोन किलो गवार, ऐंशीचा भाव, एकशे चाळीस रुपये, हे मी तोंडी सांगतो. पण वर्गसमीकरणात एक्स आला की हात थांबायचा. खोडून खोडून कागद फाटायचा. एकदा तू कॉटवरूनच म्हणालीस, "पप्पा, चिन्ह बदलायचं राहिलं."

मार्चच्या परीक्षेत गणितात उडालो. गुणपत्रिका लपवावी असं मनात आलं होतं. पण जेवताना तुम्हा सगळ्यांपुढे ठेवली. त्याच रात्री तू दप्तराच्या तळातून विज्ञानाचा पेपर काढलास. चाळीसपैकी नऊ. एप्रिलपासून दडवलेला, घडीवर घडी घातलेला.

सोनू, तो कागद बघून मला रडू आलं ते गुणांमुळे नाही. इतकी वर्षं मी "अभ्यास कर" म्हणून ओरडत राहिलो आणि तू अडलेलं सगळं माझ्यापासून लपवत राहिलीस. चूक माझी होती. स्वतः अडलो नसतो तर मला ते कधी कळलंच नसतं.

जुलैच्या पुरवणी परीक्षेत सुटलो. आता यंदा तुझी दहावी. माझी बीजगणिताची वही कपाटात वरच्या फळीवर आहे. पुढे पुढे मी चुका खोडायच्या सोडून दिल्या, त्या तशाच आहेत. लागेल तेव्हा घे. आणि मार्केट यार्डातून यायला उशीर झाला तरी अडलेलं गणित माझ्यासाठी ठेव, दोघं मिळून बघू.

तुझा,
पप्पा