बेट द्वारकेची किनारवाट: आधी ओहोटीची वेळ बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२५ फेब्रुवारी २०२४ रोजी सुदर्शन सेतू खुला झाला आणि बेट द्वारकेला रस्ता मिळाला. त्याआधी ओख्याच्या धक्क्यावरून होडीनेच जावे लागे. पाणी चढते आहे की उतरते आहे हे होडीत पाय ठेवतानाच कळे, नाहीतर नावाडी सांगे. आता गाडी थेट बेटावर जाते. दर्शन उरकून पुष्कळ मंडळी हनुमान दांडीकडे वळतात आणि तिथून पुढे बेटाच्या पूर्व टोकाला, डनी पॉइंटच्या वाळूच्या अरुंद पट्ट्याकडे पायी निघतात. एका बाजूने जायचे आणि दुसऱ्या बाजूने परतायचे, असा हा किनाऱ्याचा वळसा. जागा फार सुंदर आहे. पण बडोद्याहून निघणाऱ्या गटांचे कार्यक्रमपत्रक पाहिले की काळजी वाटते. चहा, नाश्ता, गाडी, सगळ्यांच्या वेळा त्यात असतात, ओहोटीची मात्र नसते.

खंभातच्या आखातावरचे कावी-कंबोईचे स्तंभेश्वर हे महादेवाचे मंदिर बडोदेकरांच्या पाहण्यातले आहे. तिथे भरतीला पिंड पाण्याखाली जाते, आणि गुरुजी 'आता बाहेर या' म्हणाले की सगळे मुकाट्याने बाहेर येतात. डनी पॉइंटच्या वाटेवर असे सांगायला कोणी उभे नसते. ओख्याची भरती खंभातच्या आखाताइतकी उंच नसते, उधाणाच्या दिवसांत पाण्यातला फरक सुमारे तीन मीटरचा असतो. सपाट किनाऱ्यावर तेवढाही पुरेसा होतो.

पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. तीन मीटरचा फरक धरला तर पहिल्या तासात साधारण २५ सेंटिमीटर, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात आणि चौथ्यात प्रत्येकी ७५, पुढे पुन्हा ५० आणि २५. म्हणून ओहोटी संपल्यावर पहिला तासभर काहीच घडत नाहीसे वाटते आणि लोक निवांत बसतात. तिसऱ्या तासाला, शंभर मीटरला एक मीटर असा उतार असेल, तर पाण्याची कड जवळजवळ ७५ मीटर आत सरकते. त्यातही पाणी समोरून येईल असे धरून चालू नये. वाळूचा उंचवटा आणि किनारा यांच्यामध्ये घळी असतात, त्या आधी भरतात. माणूस कोरड्या वाळूवर उभा असतो आणि परतीची वाट पाठीमागे बंद झालेली असते.

वेळ काढताना होणाऱ्या चुका नेमक्या आहेत. कोकणात आजोळ असलेल्यांना तिथीचा हिशेब पाठ असतो: तिथीच्या पाऊणपट ती भरतीची वेळ, म्हणजे अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. हिशेब चांगला आहे, पण तो मुंबई-कोकणच्या किनाऱ्याचा. कच्छच्या आखातात ओख्याकडून कांडल्याकडे जावे तशी भरती उशिरा येते आणि उंचही होते, तेव्हा एका बंदराचा आकडा दुसऱ्याला लावू नये. भावनगरचा तर मुळीच नाही, ते आखातच वेगळे. दुसरी चूक अधिक घातक. फोनवरची काही कोष्टके भारतीय वेळेत नसून ग्रिनिच वेळेत असतात. फरक साडेपाच तासांचा, आणि भरती ते ओहोटी हे अंतर सव्वासहा तासांच्या आसपासचे. म्हणजे ज्या वेळेला ओहोटी समजून निघालो, तेव्हा समुद्र जवळपास भरलेला असतो! भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कोष्टकात ओखा बंदराचे आकडे स्वतंत्र दिलेले असतात, तेच घ्यावेत. वेळेशेजारची उंचीही पाहावी. आकडा जितका लहान, तितका तळ जास्त उघडा पडतो. कालची वेळ आज चालत नाही, ती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते.

आता वळसा कोणत्या बाजूने घ्यावा याबद्दल. बहुतेक गट उघड्या समुद्राकडच्या वाळूवरून जातात आणि परत येताना खाडीच्या अंगाने येतात. हे उलटे आहे. खाडीच्या बाजूला चिखल, तिवरांची झाडी आणि घळी असतात, तिथेच आधी अडकायला होते. ती बाजू पाणी उतरत असताना, ओहोटीच्या शेवटच्या दोन-अडीच तासांत पार करावी. त्या वेळी उशीर झाला तरी पाणी आणखी उतरणारच असते. टोकाला ओहोटीच्या थोडे आधी पोहोचावे, पाणी फिरताच निघावे आणि परतीला वाळूची बाजू धरावी. तिथे पाणी वर आले तरी शेजारच्या कोरड्या, उंच वाळूवर सरकता येते. मागच्या उधाणाची रेघ वाळलेल्या शेवाळाने आणि काटक्यांनी आखलेली असते. त्या रेघेच्या वर राहणे हाच खरा आसरा. समजा ओहोटी दुपारी बाराला आहे, तर साडेनऊला पहिले पाऊल, साडेअकराला टोक, बारा वाजताच परत फिरणे आणि तीनच्या आत सखल भाग मागे टाकणे. टोकावर जेवणाचा बेत करू नये.

किलोमीटर मोजून वेळ धरणेही चुकते. ओल्या, घट्ट वाळूवर तासाला चार किलोमीटर होतात, कोरड्या सैल वाळूत अडीच, आणि खडक-प्रवाळावर एकसुद्धा कठीण. गटातल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्याची चाल धरावी.

चिखलात पाय रुतला तर जोराने उपसू नये. एक पाय उपसताना सगळा भार दुसऱ्यावर येतो आणि तोही खाली जातो. मागे रेलून बसावे, अंगाचा भार पसरावा, पाऊल हलके हलवत चिखलात पाणी शिरू द्यावे आणि एकेक पाय सोडवावा. चपला चिखल ओढून घेतो, अनवाणी पायाला कालवांच्या शिंपल्यांच्या धारदार कडा कापतात. घट्ट बांधलेले जुने कॅनव्हासचे बूट सर्वांत बरे. हातात काठी हवी, पाय टाकण्याआधी तिने जमीन चाचपावी. उथळ पाण्यात पाऊल उचलून टाकण्याऐवजी घासत न्यावे, म्हणजे वाळूत दडलेला पाकट मासा आधीच सरकतो. त्याचा काटा लागलाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास ठेवावा, काटा खोल असेल तर न ओढता दवाखाना गाठावा. थर्मासमधले गरम पाणी चहापेक्षा या कामाला जास्त उपयोगी.

पिण्याचे पाणी माणशी तीन ते चार लिटर. वाटेत ते मिळेल असे समजू नये, सावलीही विसरावी. साखर-मिठाचे पाणी घरूनच करून न्यावे: लिटरला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य, पावसाळ्यात जाऊच नये. किनाऱ्याकडे जोराचा वारा असेल तर पाणी कोष्टकापेक्षा वर चढते, म्हणून हातात नेहमी अर्धा तास राखून ठेवावा. ओळखपत्र जवळ असावे, हा सीमेलगतचा समुद्र आहे. तटरक्षक दलाचा १५५४ आणि ११२ हे दोन क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये हवेत, आणि परतायची वेळ किनाऱ्यावरच्या कोणाला तरी सांगितलेली हवी. स्थानिक मच्छीमार वाटाड्या घेतला तर फारच उत्तम. तो ओहोटीला 'ओट' म्हणेल, तेवढा शब्द लक्षात ठेवावा.

कच्छच्या आखातात १९८० मध्ये सागरी अभयारण्य आणि १९८२ मध्ये सागरी राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. कुठे जाता येते आणि परवानगी काय लागते हे जामनगरच्या उद्यान कार्यालयात आधी विचारावे. ओहोटीला उघडे पडणारे प्रवाळ दगडासारखे दिसले तरी जिवंत असते, बुटाखाली मरते. बेटाचे जुने नाव शंखोद्धार, म्हणून शंख घरी नेण्याची हौस होते. रिकाम्या शंखात साधूखेकडा राहतो, आणि प्रवाळासह अनेक सागरी जीवांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. काही उचलू नये.

ओखामंडळ, म्हणजे द्वारका-ओख्याचा हा मुलूख, बडोदा संस्थानाचाच भाग होता आणि ओख्याचे बंदर सयाजीराव महाराजांच्या काळात उभे राहिले. त्या किनाऱ्याबद्दल इथल्या मराठी घरांना आपलेपणा आहे. म्हणून आपल्याला एक विनंती. सूर्योदय-सूर्यास्ताच्या चौकटीशेजारी, निदान नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दर शुक्रवारी ओखा बंदराच्या शनिवार-रविवारच्या भरती-ओहोटीच्या वेळा आणि मीटरमधली उंची भारतीय वेळेनुसार छापावी. दिवसाच्या चार नोंदी, क्वचित तीन. दोन दिवसांच्या मिळून आठ ओळींत काम होईल.

आपले,
किनारवाटा चालणारे काही वाचक
दांडिया बाजार, बडोदे