सुटका झालेल्या मुलीचा ताबा कोणाकडे?

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

लॉजवर किंवा कुंटणखान्यावर धाड टाकून पोलिसांनी अल्पवयीन मुलींची सुटका केल्याच्या बातम्या ठळकपणे छापल्या जातात. त्या मुलींचे पुढे काय झाले, हे मात्र क्वचितच वाचायला मिळते. बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार अशा मुलीला प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांचा ताबा व काळजी ठरवणाऱ्या जिल्ह्यातील समितीपुढे, हजर करावे लागते. पुढे 15 दिवसांत सामाजिक तपासणी, म्हणजे मुलीच्या घरची व परिस्थितीची चौकशी, पूर्ण व्हावी आणि पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांच्या आत समितीने अंतिम आदेश द्यावा, असे हा कायदा सांगतो. मुलगी पुन्हा त्याच बाजारात जाणार की नाही, हे बहुतेक वेळा या चार महिन्यांत ठरते.

कारण मुलगी बालगृहात पोहोचते न पोहोचते तोच तिचा ताबा मागणारे दारात येतात. आधार कार्ड, शिधापत्रिका आणि वकिलाने लिहून दिलेला अर्ज घेऊन मावशी किंवा थोरली बहीण म्हणून उभी राहिलेली बाई घरवालीनेच, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईनेच, पाठवलेली असू शकते. मुलगीही धाकापोटी, किंवा गावी जाणारे पैसे बंद पडतील या काळजीने, ‘हीच माझी मावशी’ असे सांगते. काही वेळा तर ज्या नातेवाइकांनी उचल घेऊन तिला दलालाच्या हवाली केले, तेच रीतसर अर्ज करतात.

मुंबई उच्च न्यायालयाने ‘प्रेरणा विरुद्ध महाराष्ट्र शासन’ या प्रकरणात 2002 मध्येच हा धोका ओळखला होता. परिविक्षा अधिकाऱ्याची (घरच्या परिस्थितीची तपासणी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याची) चौकशी पूर्ण झाल्याशिवाय अशा मुलीला सोडू नये, समितीने योग्य ठरवलेल्या आईवडिलांकडे किंवा पालकांकडेच तिचा ताबा द्यावा आणि दलाल वा घरवालीच्या वकिलाने त्याच प्रकरणात मुलींच्या वतीने उभे राहू नये, असे न्यायालयाने स्पष्ट केले. अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियमाच्या कलम 17-अ मध्येही पालकांचा खरेपणा आणि सांभाळ करण्याची क्षमता तपासण्याची तरतूद आहे.

त्यामुळे नव्या कायद्याची मागणी करण्यापूर्वी गृहचौकशी कशी होते, ते पाहावे, असे मला कळकळीने वाटते. मुलगी परराज्यातील असली की अहवाल तिथल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून मागवावा लागतो. तो रेंगाळतो; इकडे मुलगी घरी जाण्याचा हट्ट धरते, अर्जदार तगादा लावतात आणि अखेर फोनवरच्या पडताळणीवर काम भागवण्याचा मोह होतो. घराचा उंबरठा न ओलांडता लिहिलेल्या अहवालात पत्ता, कुटुंबातील माणसे आणि ‘पालक ताबा घेण्यास तयार आहेत’ एवढे वाक्य असते. मुलीला गावातून कोणी नेले, तो माणूस अजूनही त्या घरी येतो का, घरावर कोणाचे कर्ज आहे आणि तिच्या धाकट्या बहिणी सध्या कुठे आहेत, हे प्रश्न त्यात नसतील तर तो अहवाल समितीच्या काय कामाचा?

घरी परतलेल्या मुलीला खटल्यासाठीही कोणाचा तरी मदतीचा हात लागतो. बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्यात मुलीची संमती ग्राह्य धरली जात नाही, त्यामुळे पैसे मोजून आलेला ‘गिऱ्हाईक’ही अत्याचारी आरोपीच ठरतो. मात्र मुलीची साक्ष झाली नाही तर ही तरतूद कागदावरच राहते. विशेष न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून 30 दिवसांत साक्ष नोंदवावी, असे हाच कायदा म्हणतो, आणि तपासापासून खटला संपेपर्यंत मुलीला साहाय्यक व्यक्ती देण्याची सोय 2020 च्या पॉक्सो नियमांत आहे. ही व्यक्ती नेमल्याची नोंद पुरेशी नाही. ती मुलीच्या गावी फोन करते का, तारखेच्या दिवशी तिच्यासोबत न्यायालयात असते का, हे समितीने विचारले पाहिजे.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. ओढणीने चेहरा झाकलेले छायाचित्र आणि सोबत गावाचे नाव, एवढ्यावरून तिच्या गावात ती ओळखली जाते; बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 ने ओळख पटेल असा कोणताही तपशील छापण्यास मनाई केली आहे. हे तपशील गाळावेत आणि धाडीची बातमी दिल्यानंतर चार महिन्यांनी, मुलीची ओळख पूर्णपणे राखून, तिच्याबाबत समितीने आदेश दिला का आणि तो प्रत्यक्ष गृहभेटीनंतर दिला का, एवढे संबंधित जिल्ह्याच्या महिला व बाल विकास अधिकाऱ्यांना विचारून छापावे.

आपली विश्वासू,
एक वाचक, पुणे